मोठ्या बाईंची वही आणि माझा तक्ता

मोठ्या बाई गेल्या त्याला आता दोन वर्षं होतील. त्यांच्या आठवणी लिहून द्या, असं मला शिक्षकांच्या एका छोट्या अंकासाठी सांगितलं होतं. मी लिहून दिल्या. त्या मुलांबरोबर खाली पट्टीवर बसायच्या, कुणावर हात उगारायच्या नाहीत, उन्हाळ्यात स्वतःच्या घरचा माठ शाळेत आणून ठेवायच्या, असं सगळं. ते छापून आलं, लोकांना आवडलं. त्यात खोटं काही नव्हतं. पण ज्या प्रसंगातून मी त्यांच्याकडून खरं काही शिकले तो त्यात नव्हता, कारण त्यात चूक माझी होती. तो आज लिहिते आहे.

मी मूळची पलूसकडची. आमच्या घरात पदवी घेतलेली मी पहिली. वडील दुसऱ्याच्या ट्रॅक्टरवर ड्रायव्हर होते. त्यांना सही यायची, आकडे यायचे, नावं कशीबशी लागायची. त्यापुढं वाचायचं म्हणजे त्यांना नांगरटीपेक्षा जड. आमच्या शाळेत सहामाहीचा निकाल लागला की गुरुजी नंबरवार यादी व्हरांड्यातल्या भिंतीला डकवायचे. वडील कामावरून तसेच, हाताला ग्रीस असताना यादी बघायला यायचे. वरून एकेका नावावर बोट ठेवत यायचे, आणि त्यांना फार खाली यावं लागायचं नाही. पहिल्या तिघांत मी असायचीच. मग सायकलवर पुढं बसवून घरी नेताना म्हणायचे, "वर हाईस बाय, वरच ऱ्हा." मी शिकले ती त्या यादीच्या जोरावर, असं मला कितीतरी वर्षं वाटत होतं. यादीच्या तळाला कोण असायचं ते मला तेव्हाही माहीत नव्हतं.

डी.एड. झालं, सांगलीला राहून बी.ए. झालं आणि नोकरी लागली ती माण तालुक्यात. आमच्याकडं चहूबाजूंनी ऊस. तिथं उघडा माळ, बाजरी निघाली की रान मोकळं. दहिवडीत खोली घेऊन मी राहिले आणि सकाळच्या वडापच्या, म्हणजे माणसं भरून नेणाऱ्या जीपनं शाळेच्या गावाला जाऊ लागले. दोन खोल्यांची शाळा, दोन शिक्षक, पहिली ते चौथीची पंचवीसेक मुलं. मुख्याध्यापिका कितीतरी वर्षं त्याच गावात होत्या. मुलं त्यांना मोठ्या बाई म्हणायची. त्यामुळं मी आले त्याच दिवशी बारक्या बाई झाले.

गावातली निम्मी घरं मेंढपाळांची. दिवाळीच्या आगेमागे ही माणसं मेंढरं घेऊन खाली कृष्णाकाठाला उतरायची, काही पार कोकणात जायची. घोड्यावर बिऱ्हाड आणि बिऱ्हाडावर लहान लेकरं. मागं म्हातारी माणसं राहायची. जून उजाडला की सगळे परत. म्हणजे आमची निम्मी मुलं निम्मं वर्ष वाटेवर असायची, आणि परत आली की आधीचं बरंचसं विसरून आलेली असायची. दुसऱ्या शाळांत अशा मुलांना मागच्या रांगेत बसवत. मोठ्या बाईंकडं रांगच नव्हती. सगळी गोल बसायची, त्याही त्यातच.

त्यांच्याकडं एक जाड वही होती. तिच्यात प्रत्येक मुलाची पानं होती आणि त्या पानांवर त्याला जे येतं तेवढंच लिहिलेलं असायचं. दर शनिवारी त्या एकेका मुलाला जवळ बोलावायच्या, त्याच्यासमोर लिहायच्या आणि लिहिलेलं त्याला वाचून दाखवायच्या. सुईत दोरा ओवतो. लहान भावाला झोपवते. पाचात तीन मिळवतो, बोटं न वापरता. 'म' काढते, 'भ' जवळजवळ काढते. खोटं बोलला होता, स्वतः येऊन सांगितलं. मुलं हे ऐकताना अगदी हलायची नाहीत. आपल्याविषयी कुणी काही लिहून ठेवतंय, हेच त्यांना नवल होतं.

मी नवी होते आणि मला शिकवण्याच्या पद्धती पाठ होत्या. मी विचारलं, की बाई, कच्चं काय आहे ते कुठं लिहायचं? त्या म्हणाल्या, कशाला लिहायचं, मला ठाऊक आहे की. मी म्हटलं, पण मुलाला कळायला नको? तेव्हा आम्ही डबा खात होतो. माझी भाकरी कडेनं फाटलेली होती. तिच्याकडं बघत त्या म्हणाल्या, "तव्यावर टाकल्यावर सारखं उलथनं घालून बघतेस ना तू? दिसतंय. घाई केली की मोडते. वेळ झाली की तिची ती सुटते."

"आणि करपली तर?"

"म्हणून तर चुलीपुढनं उठायचं नसतं," त्या म्हणाल्या आणि हसल्या.

मला वाटलं, बोलायला बरं आहे. पहिल्याच महिन्यात मी पाढ्यांच्या परीक्षेतल्या गुणांचा एक कागद भिंतीला लावला होता. दुसऱ्या दिवशी तो माझ्या टेबलावर घडी करून ठेवलेला होता. त्या रागावल्या नाहीत. आपल्या भिंतीवर नाव लावायचं ते फक्त मुलानं काढलेल्या चित्राखाली, एवढंच त्यांनी सांगितलं. जुन्या माणसांच्या असतात काही समजुती, असं मी मनात म्हटलं.

आता ती मुलगी. मी आले तेव्हा ती दुसरीत होती. मोठ्या वाड्यातली, म्हणजे मोठ्या कळपाच्या घरची. त्या वर्षी शाळेत होती तेवढे महिने ती कुणाशी बोलली नाही. हजेरीला 'हजर' म्हणायची तेसुद्धा ओठ हललेले दिसायचे म्हणून आम्ही धरायचो. मी तिला बोलतं करायला बघायची. गोळी द्यायची, पुढं उभी करायची. मोठ्या बाई तिला काही विचारायच्याच नाहीत. रोज शेजारी बसवायच्या, बस्स.

ती तिसरीत आल्यावर एकदा मोजणी चालली होती. मोठ्या बाईंनी सगळ्यांना विचारलं, तुमच्या घरी काय काय मोजतात? कुणी अंडी म्हणालं, कुणी पेंढ्या. तिची पाळी आली आणि ती चक्क बोलली. म्हणाली, "आमी मेंढरं मोजत न्हाई."

"मग एखादं हरवलं तर कसं कळतं?"

"त्याचं त्वांड दिसत न्हाई की."

मुलं खदखदून हसली. मोठ्या बाई हसल्या नाहीत. त्यांनी खडू तिच्या हातात दिला आणि म्हणाल्या, आम्हाला शिकव. तिनं फरशीवर मेंढरांची तोंडं काढली. सगळी एकसारखीच, असं आम्हाला वाटलं. पण ती एकेक दाखवत गेली. ह्याचा कान चिरलाय, हिच्या डोळ्याखाली काळं हाय, ही नाक वर करून बघती. बारा-तेरा तोंडं झाली तेव्हा मधली सुट्टी होऊन गेली होती. शनिवारी तिच्या पानावर मोठ्या बाईंनी लिहिलं: कळपातलं प्रत्येक तोंड ओळखते. आणि मला म्हणाल्या, जिला एवढी तोंडं ओळखता येतात तिला अक्षरं जड आहेत होय? तिच्या चालीनं येऊ दे.

ती सावकाशच आली. एखादं अक्षर तिच्यापुढं ठेवलं की ती त्याच्याकडं इतका वेळ बघायची की मला घड्याळाकडं बघावंसं वाटायचं. पण एकदा ओळखलं की सोडायची नाही. दसऱ्यापर्यंत तिला सगळी साधी अक्षरं येऊ लागली होती, काना-वेलांटीचे सोपे शब्द लागू लागले होते. मोठ्या बाईंना वाटत होतं की आता सहा महिने मध्ये खंड पडला नाही तर ही वाचायला लागेल. आणि मध्ये दिवाळी उभी होती. ती नऊ वर्षांची झाली होती. कोकरं सांभाळायला तेवढं वय पुरतं, आणि मेंढपाळाच्या घरात कोकरं सांभाळायला माणूस लागतंच.

मोठ्या बाई आषाढापासून तिच्या घरी खेपा घालत होत्या. मी बहुतेक वेळा बरोबर असायची. या वर्षी हिला आजीपाशी ठेवा, एवढंच त्यांचं मागणं. तिचा बाप शांत माणूस होता. प्रत्येक वेळी घोंगडं अंथरायचा, प्रत्येक वेळी पूर्ण ऐकून घ्यायचा आणि प्रत्येक वेळी म्हणायचा, "आवं बाई, वाटंवर एक माणूस कमी पडलं की काय वडातान हुती, ते तुमाला न्हाई कळायचं." शेवटी बेंदराच्या सणाला केलेल्या पोळ्या आम्हाला खाऊ घालणारी तिची आजीच मध्ये पडली. मी संभाळते म्हणाली. तेव्हा तो बधला. म्हणाला, दिवाळीच्या आधी शाळेत येतो, पोरगीला काय येतंय ते मला दावा. पटलं तर ठेवतो.

मोठ्या बाईंना एवढंच पाहिजे होतं. येताना वाटेत त्या किती बोलत होत्या.

पण दसऱ्यानंतर त्यांचा गुडघा अगदीच गेला. मिरजेच्या डॉक्टरांनी ऑपरेशनची तारीख दिली. त्यांनी ती एकदा पुढं ढकलली होती. या वेळी घरच्यांनी ऐकलं नाही. सहा आठवड्यांची रजा टाकून त्या गेल्या. जाताना कपाटाच्या किल्ल्या माझ्या हातात देऊन म्हणाल्या, "त्या पोरीचा बाप येईल. त्याला वही वाचून दाखव. सावकाश वाच. मध्ये तो तंबाखू मळेल, मळू दे."

मी हो म्हटलं. खरोखरच मनात तसंच होतं.

त्या गेल्यावर आठवड्याभरात केंद्रप्रमुखांचा फोन आला. भेटीला येतोय, वाचनाच्या प्रगतीचा तक्ता लावलाय का? मी लावते म्हटलं. रविवारी खोलीत बसून मी मोठ्या कार्डशीटवर पाच पायऱ्या काढल्या. प्रारंभिक, अक्षर, शब्द, उतारा, गोष्ट. प्रत्येक पायरीला वेगळा रंग. प्रत्येक मुलाच्या नावाची चिठ्ठी केली, म्हणजे मूल पुढं गेलं की चिठ्ठी वर सरकवता येईल. सोमवारी एकेका मुलाला पुढं उभं करून वाचायला लावलं आणि चिठ्ठ्या चिकटवल्या. त्या मुलीपुढं मी शब्दांची कार्डं धरली. ती बघत राहिली. पहिल्या शब्दाशी तिचे ओठ हलू लागले तोवर मी दुसरं कार्ड काढलं होतं. तिची चिठ्ठी 'अक्षर'वर गेली. त्या पायरीवर तिच्याबरोबर पहिलीतली दोन मुलं होती. तिसरीतलं दुसरं कुणी नव्हतं.

साहेब आले. तक्ता बघून खूश झाले, फोटो काढून केंद्राच्या ग्रुपवर टाकला. दिवसभर माझ्या फोनवर अंगठे येत होते. मी तो फोटो वडिलांना पाठवला. आता मला सांगावंसं वाटतं की त्या दिवसांत माझ्या मनात काहीतरी खटकत होतं. पण तसं नव्हतं. मी आनंदात होते. ती मुलगी रोज जिथं बसायची तिथून उठून तक्त्याच्या भिंतीला पाठ लावून बसू लागली होती. ते मी बघितलं. दारातलं ऊन लागत असेल, असं मला वाटलं.

तिचा बाप आला तो गुरुवार होता, बाजारचा दिवस. मुंडासं नीट बांधलेलं, पायताणं बाहेर काढलेली. आत यायला तयार नव्हता, उंबऱ्याशीच बसला. मी वही काढलीही होती. ती टेबलावर होती. पण आधी हे दाखवू, असं मला वाटलं. एवढा रंगीत, एवढा नीट केलेला तक्ता, आणि ज्याला वाचता येत नाही त्यालासुद्धा समजेल असा. मी त्याला उठवून भिंतीपाशी नेलं. म्हटलं, बघा, सगळ्या मुलांची प्रगती यात आहे.

तो बराच वेळ बघत होता. मग म्हणाला, "आमची कुठं हाय?"

मी उत्तर देण्याआधीच चौथीतली एक चुणचुणीत मुलगी पुढं झाली. तिची स्वतःची चिठ्ठी सगळ्यात वर होती. तिनं पट्टीनं खाली दाखवलं. "ही बगा, हितं. बारक्या पोरांच्यात."

मी घाईघाईनं म्हटलं की हे फक्त वाचनाचं आहे, आणि ते सुद्धा एका दिवसाचं. तिला येतं, वेळ लागतो. वही घेऊन आले. पहिलं पान उघडलं. त्यानं हातानं मला थांबवलं. त्याच्या बोलण्यात राग नव्हता.

"ऱ्हाऊ द्या बाई. आमाला वाचाय येत न्हाई, पर वर-खाली कळतंय."

मुलगी भिंतीला पाठ लावून बसलेली होती. तिच्या डोक्याच्या वर हातभरावरच ते सगळं चाललं होतं. तिनं वर बघितलं नाही. बापानं तिला नावानं हाक मारली, ती उठली, दप्तर गोळा केलं. दारात पायताण घालताना त्यानं मला नमस्कार केला. "तुमी लय कष्ट घेतलं," म्हणाला. तिसऱ्या दिवशी मेंढरं-बिऱ्हाडासकट त्यांचा वाडा हलला.

तक्ता मी त्याच संध्याकाळी काढला. पण मोठ्या बाईंना फोन केला नाही. ऑपरेशन झालंय, त्यांना त्रास नको, असं मी स्वतःला सांगत होते. त्यांचे फोन यायचे, तेव्हा सगळं ठीक आहे म्हणायची. दिवाळीची सुट्टी संपून त्या काठी टेकत शाळेत आल्या, सगळ्या मुलांवरून नजर फिरवली आणि माझ्याकडं बघितलं. मग मी सांगितलं. साहेबांचा फोन, तक्ता, बाजारचा दिवस, काही न वगळता.

त्यांनी एकच विचारलं. "तो बघत होता तेव्हा ती तिथंच होती?"

मी हो म्हटलं. त्या खुर्चीत बसल्या. खुर्चीत बसलेल्या मी त्यांना तेव्हाच पहिल्यांदा बघितलं. गुडघ्यामुळं खाली बसणं आता बंद झालं होतं.

आजीकडून कळलं की वाडा पलूसच्या पुढं एका सोयाबीन काढलेल्या रानात उतरलाय. आमच्या भागात शेतकरी खतासाठी रानात मेंढरं बसवून घेतात आणि त्याबद्दल मेंढपाळाला धान्य देतात. डॉक्टरांनी प्रवासाला मनाई केली होती. पुढच्या रविवारी मोठ्या बाई आणि मी दहिवडीहून विट्याला आणि विट्याहून पलूसला एस.टी.नं गेलो. त्यांनी पाय सरळ ठेवायला मिळावा म्हणून मी उभी राहिले. स्टँडवरून रिक्षा केली. शेवटचा तुकडा बांधावरून चालत. ढेकळांत त्यांची काठी रुतत होती. हात दिला तर घेत नव्हत्या.

तिच्या बापानं लांबून ओळखलं आणि धावत आला. घोंगडं अंथरलं, बाईंना टेकायला खोगीर आणून दिलं. तिच्या आईनं चुलीवर चहा ठेवला. मुलगी रानाच्या दुसऱ्या टोकाला कोकरांत होती. आम्हाला बघून ती आणखी थोडी लांब सरकली.

मोठ्या बाईंनी पिशवीतून वही काढली आणि तिची पानं वाचली. अडीच पानं होती. सावकाश वाचली. बापानं तंबाखू मळली पण तोंडात टाकली नाही. तिची आई चहा गाळायची थांबली आणि म्हणाली, "हे आमच्याच हिचं हाय व्हय?"

वाचून झालं. मग बाप म्हणाला, "बाई, तुमचं खोटं हाय असं मी म्हनत न्हाई. पर तुमी मायेनं लिवलंय. भिंतीवर कुनी मायेनं लिवत न्हाई. तितं जे आसतंय ते खरं आसतंय."

मोठ्या बाईंनी वही मिटून पिशवीत ठेवली. मी पुढं झाले. म्हटलं, तो तक्ता मी केला होता, घाईनं केला होता, तो चुकीचा होता. चूक माझी आहे.

तो माझ्याकडं बघून समजूत घातल्यासारखं हसला. "तुमी कशाला चुकताय? शिकलेल्या हाय तुमी."

माझ्या शिक्षणाचा माझ्या घरच्यांना, भावकीला केवढा अभिमान. मलाही होता. त्या रानात पहिल्यांदा मला ते कुठंतरी लपवावंसं वाटलं.

मोठ्या बाई उठल्या. काठी टेकत ढेकळं तुडवत मुलीकडं गेल्या. मी आणि तिचे आईबाप बघत राहिलो. मुलगी या वेळी सरकली नाही. बाईंना खाली बसता येत नव्हतं, म्हणून त्या बांधावर टेकल्या, पाय लांब करून. मुलीनं एक कोकरू उचलून त्यांच्या मांडीवर दिलं. कोण काय बोललं ते ऐकू आलं नाही. पंधरा-वीस मिनिटं झाली असतील. मग त्या एकट्याच परत आल्या.

"पुडच्या साली बगू," बाप म्हणाला. निघताना त्यानं शेतकऱ्याकडून धान्याबरोबर मिळालेल्या मूठभर शेंगा बाईंच्या पिशवीत घातल्या.

एस.टी.त मी त्यांना विचारलं, काय म्हणाली? त्या म्हणाल्या, काही नाही, कोकरांविषयी सांगत होती. मी विचारलं, शाळेचं काही? त्या म्हणाल्या, मी विचारलं नाही. विट्याला गाडी बदलली. मग मला राहवलं नाही. म्हटलं, बाई, मला रागवा तरी. त्या खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "तुला रागावून ती परत येणार असती तर सोडली नसती तुला."

मला त्यांच्याकडून क्षमा हवी होती, हे मला आता कळतं. ती त्यांनी दिली नाही. त्याऐवजी दुसऱ्या दिवशी त्यांनी ती वही माझ्या हातात दिली आणि यापुढं शनिवारी तू लिही म्हणाल्या. मी लिहायला लागले. पहिल्या शनिवारी एका मुलासमोर बसले आणि अर्धा तास मला काहीच सुचेना. जे येत नाही ते मला तोंडपाठ होतं. येतं काय, ते मी कधी बघितलंच नव्हतं. मोठ्या बाई खुर्चीतून बघत होत्या.

एप्रिलमध्ये शाळेची माहिती ऑनलाइन भरायची वेळ आली. मोठ्या बाईंना ते जमत नसे, म्हणून ते काम माझ्याकडं. त्या मुलीच्या नावापुढं शाळाबाह्य भरावं लागलं. खाली कारण विचारलं होतं आणि निवडायला पाच-सहा कारणं दिलेली होती. स्थलांतर, घरकाम, आजारपण, अशी. मी एकेक वाचत होते. मोठ्या बाई शेजारी होत्या.

"त्यात नाही ते," त्या म्हणाल्या. "स्थलांतर टाक."

मी टाकलं. त्या मे महिन्यात त्या निवृत्त झाल्या. जूनमध्ये वाडा परत आला तेव्हा मी एकटी त्या घरी गेले. बाप नेहमीसारखा आदरानं बोलला. पोरगीनं कोकरं लय चांगली संभाळली, एकबी दगावलं न्हाई, म्हणाला. ते ऐकताना मुलगी दारात उभी होती, आणि तिच्या चेहऱ्यावर जे होतं ते माझ्या वर्गात मी कधी आणू शकले नव्हते. मी दोनदा, तीनदा गेले. मग तिनं आजीकडून निरोप दिला, की बाईंना सांग, येऊ नका.

पुढं माझी बदली होऊन मी माझ्याच तालुक्यात आले. आता माझ्याकडं एका छोट्या शाळेचा कारभार आहे. भिंतीवर मुलांची चित्रं आहेत. तपासणीला कुणी आलं आणि तक्ता मागितला की मी कपाटातून कागद काढून देते. काही साहेब नाराज होतात. दिवाळीनंतर आसपासच्या रानांत वाडे उतरले की मी जाऊन विचारते, लेकरं असतील तर चार दिवस पाठवा. कुणी पाठवतात. आठ-दहा दिवस बसतात आणि वाडा उठला की जातात. त्यांच्या पानावर जेमतेम दोन-तीन ओळी होतात.

मोठ्या बाईंच्या शेवटच्या आजारपणात मी त्यांना भेटायला गेले होते. त्यांना बोलवत नव्हतं. त्या मुलीचा विषय मी काढला नाही, त्यांनीही नाही. आम्ही दोघींनी तो त्या एप्रिलनंतर एकमेकींपाशी कधीच काढला नव्हता.

या हिवाळ्यात आमच्या शाळेमागच्या रानात एक वाडा उतरला. त्यातली एक बाई माणातल्या त्याच गावची निघाली. मी त्या मुलीविषयी विचारलं. तिला ती माहीत होती, नात्यातलीच होती. म्हणाली, तिचं लगीन झालं, फलटणकडं दिली, वर्षाचं लेकरू आहे. घरची माणसं चांगली आहेत. मग तिनं विचारलं, "फोन झाला की सांगते तिला. कंच्या बाई म्हनू? काठी टेकत रानात आल्त्या त्या?"

"नाही," मी म्हणाले. "त्या गेल्या. मी बारक्या."

"काय सांगू तिला?"

लेकराला शाळेत घाल म्हणावं, हे माझ्या तोंडाशी आलं होतं. आम्ही शिक्षक मंडळी ते सगळ्यांनाच सांगतो. मी ते बोलले नाही.

"काही नाही," म्हटलं. "विचारत होत्या, एवढंच सांगा."